परमिट रूममध्ये परमिट कुठे आहे?

‘बार अँड रेस्टॉरंट, परमिट रूम, फॅमिलीसाठी स्वतंत्र सोय.’ महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी हा फलक दिसतो. त्यातला ‘परमिट’ हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की ते परमिट नेमकं कोणाचं, हे कोणी विचारत नाही. बहुतेकांची समजूत अशी की मालकाला दारू विकायचं परमिट मिळालं आहे, म्हणून ती परमिट रूम. प्रत्यक्षात मालकाकडे असते ती अनुज्ञप्ती, एफएल-३ नावाची. परमिट असावं लागतं पिणाऱ्याकडे. कायद्याच्या दृष्टीने ही खोली परवानाधारकांना बसून पिता यावं म्हणून आहे, आणि ज्याच्याकडे परवाना नाही त्याला तिथे एक पेगही देता येत नाही. आज रात्री राज्यातल्या परमिट रूममध्ये बसलेल्यांपैकी किती जणांकडे तो कागद असेल, हे मालकाला, वेटरला, उत्पादन शुल्क खात्याच्या निरीक्षकाला आणि खुद्द पिणाऱ्याला, चौघांनाही ठाऊक आहे.

पिणाऱ्याचा हा परवाना रद्द करावा, आणि त्याच्या जागी टेबलावर, पहिला पेग ओतण्यापूर्वी, वयाची खरी तपासणी आणावी, असं या लेखाचं म्हणणं आहे. दारू सोपी व्हावी म्हणून हे सुचवलेलं नाही. दारू कोणाला दिली याची जबाबदारी आज कोणावरच येत नाही, ती कोणावर तरी यावी म्हणून सुचवलं आहे.

आधी हा कागद आला कुठून ते पाहू. आपल्याकडचा दारूविक्रीचा सगळा व्यवहार चालतो तो दारूबंदीच्या कायद्याखाली. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ चा, १६ जून १९४९ पासून लागू झालेला. ६ एप्रिल १९५० ला मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदी रद्द केल्या, पण कायद्याचा मुख्य भाग वैध ठरवला. पुढे वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल होऊ लागली आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूही परवान्याखाली आली. पण कायदा तोच राहिला. त्याचा पाया आजही ‘दारू पिणे हा गुन्हा, परवाना असेल तर अपवाद’ असाच आहे. परवान्याशिवाय पिणं हा कलम ६६(१)(ब) खाली गुन्हा आहे, घरात प्यायली तरी. बंदी सैल करताना सरकारने मूळ नियम बदलला नाही, अपवाद रुंद करत नेला. एका दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी ५ रुपये, देशीसाठी २ रुपये. वर्षाचा १०० रुपये. आजन्म १,००० रुपये. वयाची अट बीअर आणि वाइनसाठी २१ पूर्ण, व्हिस्की-रमसारख्या कडक मद्यासाठी २५ पूर्ण.

आता हा ५ रुपयांचा परवाना प्रत्यक्षात कसा दिला जातो ते जवळून पाहा. बारमालक एकदिवसीय परवान्यांची पुस्तकं खात्याकडे आगाऊ पैसे भरून घेतो. प्रत्येक पानावर पिणाऱ्याचं नाव, वय, पत्ता, तारीख आणि सही हवी. शनिवारी रात्री एखाद्या मध्यम बारमध्ये दीडशे माणसं येऊन जातात असं धरा. एकेका पानाला दोन मिनिटं लागली तर तीनशे मिनिटं झाली, म्हणजे एका माणसाने पाच तास फक्त लिहीत बसायचं. हे कोणी करत नाही. पुस्तक काउंटरच्या खणात पडून असतं आणि दुकान बंद झाल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी कॅशिअर बसून पानं भरतो. एकच पेन, एकच अक्षर. नावं सुचतील ती, वय सगळ्यांचं पंचविसच्या पुढे, पत्त्याला शहराचं नाव पुरतं. तपासणीला आलेल्या माणसाला ही पानं कशी भरली आहेत हे एका नजरेत कळतं. तरी सरासरी विक्रीच्या मानाने पुस्तकं घेतलेली असली की प्रकरण तिथे मिटतं.

यात कोणाचं काय बिघडलं, असं विचारणारे आहेत. सरकारला पाच-पाच रुपये मिळतात, मालकाची फाइल पूर्ण राहते, गिऱ्हाइकाला त्रास नाही. बिघडतं ते हे की या व्यवस्थेत प्रत्येक बार दररोज, प्रत्येक टेबलावर, नियमभंग करत असतो. आणि ज्या क्षेत्रात सगळेच सदैव दोषी असतात तिथे कोणाला पकडायचं आणि कोणाला सोडायचं हे नियम ठरवत नाही, तपासणीला आलेला माणूस ठरवतो. हप्त्याचा उगम इथे आहे. विनापरवाना पिणाऱ्याला मद्य दिलं, हा आरोप कोणत्याही बारवर कोणत्याही रात्री ठेवता येतो आणि तो खराच निघतो. त्यामुळे जो मालक सगळं नेटाने चालवतो त्यालाही भीती तेवढीच, आणि जो सतरा वर्षांच्या पोरांना टकीला पाजतो त्यालाही तेवढीच. नियम पाळून काही फायदा होत नाही, हे धंद्यातल्या माणसाला पहिल्या वर्षातच समजतं.

मग परवाना व्यवस्था खरोखर काय तपासते? ती बाटली तपासते, आणि ते काम फार बारकाईने करते. बारमध्ये येणारी प्रत्येक पेटी वाहतूक पासावर येते. ब्रँडप्रमाणे आणि बाटलीच्या मापाप्रमाणे, ७५०, ३७५, १८०, रोजची नोंद एफएलआर-३ या वहीत करावी लागते. सुरुवातीची शिल्लक, आवक, विक्री, अखेरची शिल्लक. ७५० मिलीच्या बाटलीतून ३० मिलीचे पंचवीस पेग निघतात, क्वार्टरमधून सहा. उघडी बाटली असेल तर तिच्यात किती पेग उरले तेही लिहायचं. ओतताना सांडलं, फुटलं, वेटरने पेग मेजर काठोकाठ भरलं, असं काही झालं की रात्री दोन-तीन पेगची तफावत निघते आणि ती सापडली की नियमभंगाचं प्रकरण होतं. इतकी कडक नजर असण्याचं कारण उघड आहे. बार स्वस्त मार्गाने आणलेली बाटली, म्हणजे वाइन शॉपमधली किंवा सिंधुदुर्गाच्या सीमेवरून चोरून आलेली गोव्याची, भरून विकू लागला तर शुल्क आणि व्हॅट बुडतो. राज्याच्या तिजोरीच्या दृष्टीने ही तपासणी रास्त आहे. पण त्याच बारमध्ये, त्याच रात्री, ग्लास कोणाच्या हातात गेला याची नोंद असलेला एकमेव कागद म्हणजे सकाळी एका हाताने भरलेलं ते पाच रुपयांचं पुस्तक.

याची किंमत किती मोठी असते ते १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला दिसलं. सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोघा तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. तपासात पुढे आलं की त्याआधी तो आणि त्याचे मित्र दोन ठिकाणी बसले होते आणि तिथे त्यांना मद्य दिलं गेलं होतं. त्यानंतर खात्याने ती ठिकाणं सील केली, शहरभर तपासण्या झाल्या, कित्येक बारचे परवाने निलंबित झाले. दोन महिन्यांच्या आतच, ७ जुलैला, मुंबईत वरळीला भरधाव मोटारीने एका स्त्रीला फरफटत नेलं. त्या प्रकरणातला आरोपी सज्ञान होता, पण पंचविशीच्या आतला. त्याला जुहूच्या एका बारमध्ये कडक मद्य दिल्याचा ठपका खात्याने ठेवला आणि त्या बारवर कारवाई केली.

या दोन प्रकरणांत एक फरक आहे, आणि धोरण ठरवताना तो महत्त्वाचा आहे. पुण्यात अल्पवयीन मुलाला दारू दिली गेली, जे कुठल्याही समाजात अक्षम्य मानलं जाईल. मुंबईत दारू दिली गेली ती मतदान करू शकणाऱ्या, लग्न करू शकणाऱ्या, स्वतःच्या नावावर कर्ज काढू शकणाऱ्या प्रौढाला. कायद्याच्या कागदावर दोन्ही बार एकाच तऱ्हेने दोषी. पण वेटरच्या मनात हे दोन गुन्हे सारखे नसतात. २३ वर्षांच्या मुलाला व्हिस्की नाकारायची, ही गोष्ट त्याला खरी वाटतच नाही, आणि एकदा वयाची एक अट खोटी वाटू लागली की दुसरीही ढिली होते.

एका टेबलावर काय घडतं ते बघा. पाच जण बसले आहेत. तिघे तिशीतले, एक २२ वर्षांचा, एक विशीच्याही आतला. ऑर्डर देतो तिशीतला. दोन लार्ज व्हिस्की, एक रम, दोन बीअर. नियमाप्रमाणे २२ वर्षांच्या मुलाला बीअर चालते, पण व्हिस्की चालत नाही. विशीच्या आतल्याला काहीच चालत नाही. वेटर ट्रे घेऊन येतो, ग्लास टेबलाच्या मध्यावर ठेवतो, पुढच्या टेबलाकडे वळतो. त्यानंतर कोणता ग्लास कोणाकडे सरकला हे पाहायला कोणी नाही. बीअरचा पिचर, म्हणजे मोठा जग, आला तर कोण किती प्यायलं हे देवालाच ठाऊक. दारावरच्या बाउन्सरने ओळखपत्र पाहिलं होतं, असं मालक सांगतो. पण बार आणि जेवण एकाच हॉलमध्ये असेल तर दारावर कोणालाच अडवता येत नाही, कारण जेवायला येणाऱ्याला वयाची अट नाही. तपासणी टेबलावरच हवी ती यासाठी.

एकच वय असावं. ते २१ असावं, सगळ्या मद्यासाठी, आणि ते खरोखर पाळलं जावं. गोव्यात २१ आहे आणि तिथे पिणाऱ्याला परवानाही लागत नाही. पंचवीसची अट कागदावर ठेवून प्रत्यक्षात सतराव्या वर्षी मिळणारी दारू आपण इतकी वर्षं चालवली. त्यापेक्षा एकविसाव्या वर्षी मिळणारी आणि विसाव्या वर्षी नक्की न मिळणारी दारू मुलांचं अधिक रक्षण करेल.

तपासणी कशी असावी हे नियमात नेमकं लिहिलं पाहिजे, नाहीतर तिचंही पाच रुपयांचं पुस्तक होईल. ऑर्डर घेणारा माणूस, कॅप्टन असो की वेटर, त्याने तिशीच्या आतला दिसणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र स्वतः पाहायचं. मोबाइलमधला फोटो चालणार नाही, कारण आधारच्या फोटोवर जन्मसाल बदलणं दहा मिनिटांचं काम आहे. कार्ड हातात घ्यायचं किंवा डिजिलॉकर समोर उघडायला लावायचं. टेबलावर एकजण जरी वयात बसत नसेल तर त्या टेबलाला पिचर किंवा बाटली द्यायची नाही, पेग आणि ग्लासच द्यायचे, वेटरने हातात द्यायचे. बारच्या ऑर्डरची चिठ्ठी निघते तिच्यावर तपासणाऱ्याचं नाव छापून यावं. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हे आजही एका खुणेचं काम आहे. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, आधार क्रमांक यातलं काहीही लिहून ठेवायचं नाही. बारमध्ये कोण आलं होतं याच्या याद्या साठवून ठेवणं हा स्वतंत्र धोका आहे.

याच्या जोडीला एक वही हवी: नकारांची. तारीख, वेळ, टेबल, नकार का दिला, कोणी दिला. वय कमी, ओळखपत्र नाही, आधीच जास्त झालेली, असं एक ओळीचं कारण. ब्रिटनमध्ये दारू विकणाऱ्या दुकानांत आणि पबांत अशी वही असते. तिथे कायदेशीर वय १८ आहे, पण पंचविशीच्या आतला दिसला की ओळखपत्र मागायचं, अशी पद्धत पडली आहे. नशेत असलेल्याला आणखी देणं हा तिथे गुन्हा आहे. २००३ च्या त्यांच्या परवाना कायद्याखाली शेजारी राहणारा कोणीही परवान्याच्या फेरविचाराची मागणी करू शकतो. नकारांच्या वहीचा गुण असा की ती खोटी भरणं अवघड असतं. वर्षभरात एकही नकार नाही असा बार कॉलेजच्या परिसरात असेल तर निरीक्षकाने तिथे आधी जावं. आणि सगळी पानं एकाच दिवशी भरलेली असतील तर सीसीटीव्हीशी ताडून पाहायला तारीख आणि वेळ समोर आहेच.

हे काम करणाऱ्या माणसाचं काय? बारमध्ये मद्य देणाऱ्या प्रत्येक नोकराचं नाव ‘नोकरनाम्या’त असावं लागतं आणि २१ वर्षांखालचा नोकर चालत नाही. आजचा नोकरनामा म्हणजे फाइलमधली यादी. या धंद्यात माणसं सतत बदलतात. उडुपीचा, बिहारचा, ओडिशाचा वेटर चार महिन्यांत गावी जातो, त्याच्या जागी दुसरा येतो, आणि यादीत पहिल्याचंच नाव राहतं. तपासणीत नोकरनाम्यातला घोळ हा सर्वांत सहज सापडणारा नियमभंग आहे. याच कागदाला अर्थ द्यायचा असेल तर नाव चढवण्याआधी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण सक्तीचं करावं: ओळखपत्र कसं पाहायचं, नकार कसा द्यायचा, एखाद्याला चढत चालली आहे हे कशावरून ओळखायचं, त्याला रिक्षा कशी बोलावून द्यायची. आपल्याकडे वाहन चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलीला ३० मिलिग्रॅम आहे. दोन लार्ज पेग रिचवून किल्ली फिरवणारा माणूस सहसा तिच्या बाहेर असतो, हे त्याला वाढणाऱ्याला माहीत असलं पाहिजे. नोंदणी ऑनलाइन असावी आणि ती माणसाच्या नावावर असावी, म्हणजे तो दुसऱ्या बारमध्ये गेला तरी त्याचं प्रशिक्षण त्याच्यासोबत जाईल.

शिक्षेकडे येऊ, कारण तिथे गाडी सगळ्यात जास्त अडते. आज नियमभंगाचं प्रकरण झालं की बहुतेक वेळा ते कलम १०४ खाली तडजोड शुल्क भरून मिटतं. चालत्या बारसाठी ते शुल्क म्हणजे वीजबिलासारखा आणखी एक खर्च. जिल्हाधिकाऱ्यांना कलम ५४ खाली बारचा परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. त्यावर आयुक्तांकडे अपील होतं आणि पुढे शासनाकडे, म्हणजे मंत्र्यांकडे, पुनरीक्षण अर्ज जातो. अपिलाचा हक्क असलाच पाहिजे. पण स्थगिती मिळाली की मूळ प्रकरण वर्षानुवर्षं लांबतं आणि बार चालू राहतो, हे चित्र बदलायला हवं. अल्पवयीन व्यक्तीला मद्य दिल्याचं सिद्ध झालं की तडजोड नाही. पहिल्या वेळी सात दिवस बंद, त्यात शुक्रवार, शनिवार, रविवार आलेच पाहिजेत. तीन वर्षांत दुसऱ्यांदा घडलं तर तीस दिवस, तिसऱ्यांदा परवाना रद्द. स्थगिती द्यायची तर कारणं लिहून, तीस दिवसांसाठीच, आणि तो आदेश खात्याच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी. बंद दरवाजाचं नुकसान मालकाला जितकं समजतं तितकं दंडाच्या पावतीचं समजत नाही.

या सूचनेला तीन बाजूंनी विरोध होईल.

बारमालक म्हणतील, आधीच आमचं कंबरडं मोडलं आहे. त्यांची तक्रार पोकळ नाही. परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला, परवाना शुल्कात १५ टक्के वाढ झाली, आणि जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. १४ जुलै २०२५ ला बारमालकांनी राज्यभर बंद पाळला. हा करांचा बोजा सार्वजनिक हिताच्या बाजूनेही तपासायला हवा. बसून पिणं महाग झालं की माणूस पिणं सोडतोच असं नाही, तो वाइन शॉपमधून बाटली घेतो. मग शॉपशेजारच्या चकण्याच्या गाडीवर, उभ्या मोटारीत, नदीकाठी किंवा मैदानात प्लॅस्टिकच्या ग्लासात पितो. हायवेच्या ढाब्यावर चोरून पितो, जिथे कलम ६८ खाली मालक आणि कलम ८४ खाली पिणारा दोघंही गुन्हेगार ठरतात. यातल्या एकाही जागी वेटर नाही, कॅमेरा नाही, बंद करण्यासारखा परवाना नाही. परमिट रूम ही राज्यातली अशी जागा आहे जिथे पिणाऱ्यावर दुसऱ्या कोणाची तरी नजर असते. ती नजर खरी करायला मालक तयार असतील तर शुल्कात सवलत मागण्याचा त्यांना नैतिक अधिकार मिळेल. ‘ओळखपत्र मागितलं की गिऱ्हाईक शेजारच्या बारमध्ये जातं’ ही त्यांची अडचण शेजारच्या बारमध्येही तेच मागितलं गेलं की संपते.

दुसरा विरोध खात्यातून येईल, उघडपणे नाही. पाच रुपयांच्या परवान्याचं उत्पन्न बुडेल असं कारण दिलं जाईल. ते उत्पन्न वार्षिक शुल्कात मिळवून टाकता येतं, त्याला एका ओळीची दुरुस्ती पुरे. खरी अडचण वेगळी आहे. सरसकट सगळ्यांना लागू पडणारा आरोप हातातून गेला की तपासणीला जाणाऱ्याला काहीतरी शोधावं लागतं.

तिसरा विरोध मनापासून आदराने ऐकावा असा आहे. दारूबंदीसाठी आयुष्य वेचलेले कार्यकर्ते आणि गावागावांतल्या बायका म्हणतील की पिणाऱ्याचा परवाना ही या राज्याने दारूला दिलेल्या नकाराची शेवटची खूण आहे, ती पुसू नका. दारूबंदीसाठी राज्याने प्रयत्न करावा असं सांगणारं राज्यघटनेचं अनुच्छेद ४७ त्यांच्या बाजूने आहे. वर्धा आणि गडचिरोलीत बंदी आहे. चंद्रपूरमध्ये ती १ एप्रिल २०१५ ला आली आणि मे २०२१ मध्ये सरकारने उठवली. पण या कार्यकर्त्यांचा खरा लढा कुठे अडतो ते पाहिलं पाहिजे. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की दुकानाबाबत गुप्त मतदान होतं, उभी बाटली की आडवी. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, झालेल्या मतदानाच्या नव्हे. यादीत हजार बायका आहेत असं धरा. सहाशे जणी मतदानाला आल्या, ४८० जणींनी आडवी बाटली केली, १२० जणींनी उभी. पाचास चार मतं विरोधात, तरी दुकान चालू. लग्न होऊन गेलेल्या, ऊसतोडीला गेलेल्या, मुंबईला राहायला गेलेल्या सगळ्या जणी यादीत दुकानाच्या बाजूने मोजल्या जातात. इथे झालेल्या मतांचं बहुमत धरलं तर गावातल्या बायकांच्या हाती खरी ताकद येईल. पिणाऱ्याच्या खिशातल्या, कोणीही न पाहिलेल्या कागदाने त्यांच्या घरातली एक बाटलीही आजवर कमी केलेली नाही.

अंतराच्या नियमांचंही असंच झालं आहे. शाळा आणि देवळापासून ७५ मीटर, असा परमिट रूमसाठीचा नियम. अंतर मोजायचं ते माणूस पायी जातो त्या वाटेने, दारापासून दारापर्यंत. बारचं दार मागच्या गल्लीत काढलं की मीटर वाढतात. धर्मस्थळ नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाचं नसेल तर ते मोजणीत येत नाही. महामार्गालगतच्या दारूविक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ ला ५०० मीटरची बंदी घातली. ३१ मार्च २०१७ ला ती बार आणि हॉटेलांनाही लागू असल्याचं स्पष्ट केलं आणि वीस हजारांपर्यंतच्या वस्तीत अंतर २२० मीटर केलं. मग ठिकठिकाणी शहरातून जाणारे राज्यमार्ग स्थानिक संस्थांकडे वर्ग करण्याची धावपळ झाली. बार होते तिथेच राहिले, रस्त्याचा दर्जा बदलला. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने महापालिका-नगरपालिका हद्दीला ही बंदी लागू नसल्याचं सांगितलं. वाइन शॉपचे नवे परवाने सत्तरच्या दशकापासून जवळपास बंद आहेत, असं सरकार अभिमानाने सांगत आलं. तरी नव्या वसाहतीत नवं दुकान दिसतं, कारण जुना परवाना दुसऱ्या वस्तीतून स्थलांतरित होऊन येतो आणि परवाना दुर्मीळ असल्याने त्याची किंमत कोटींत जाते. मार्च २०२५ मध्ये सरकारने विधानसभेत जाहीर केलं की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात बीअर शॉप किंवा दारूचं दुकान सुरू करायला सोसायटीचं ना हरकत पत्र लागेल. हे योग्य पाऊल आहे, आणि स्थलांतराने येणाऱ्या दुकानालाही ते तितक्याच काटेकोरपणे लागू व्हायला हवं.

पण मीटरपट्टी दारापर्यंतच पोहोचते. दाराच्या आत काय होतं हा प्रश्न त्या पट्टीने सुटत नाही.

बदलाला नवा कायदा लागत नाही. कलम १३९ खाली सरकारला सूट देण्याचे अधिकार आहेत. अनुज्ञप्तीप्राप्त जागेत बसून पिणाऱ्या २१ वर्षांवरील व्यक्तीला परवान्यातून सूट देणारी अधिसूचना काढता येते. १९५३ च्या विदेशी मद्य नियमांत वयाची, नोकरनाम्याची आणि नकारवहीची दुरुस्ती करावी लागेल. परवान्यांचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि ३१ मार्चपूर्वी सगळे मालक नूतनीकरणाला येतातच. त्याच वेळी प्रत्येकाकडून नव्या अटींवर सही घेता येईल. तोवर सहा महिने प्रशिक्षणाला मिळतील, असं वेळापत्रक आखावं.

आणि मग निरीक्षकाने तपासणीला जावं ते मंगळवारी दुपारी चार वाजता, रिकाम्या हॉलमध्ये, वह्या चाळायला नव्हे. शनिवारी रात्री साडेदहाला, साध्या कपड्यांत, एखाद्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसावं. समोरच्या टेबलावरच्या पोरांना ओळखपत्र विचारलं का, पिचर आला की पेग आले, ते पाहावं. उठताना त्या टेबलाच्या ऑर्डरची चिठ्ठी मागावी आणि तिच्यावरचं नाव नोकरनाम्यात आहे का, ते ताडून घ्यावं.